ठसा, यंत्र आणि पुरावा

गुन्ह्यांच्या तपासात कृत्रिम बुद्धिमत्तेकडे आज मुख्यतः तीन कामे आहेत. घटनास्थळी मिळालेला ठसा, चेहरा किंवा आवाज नोंदीतल्या लाखो नमुन्यांशी ताडून पाहणे, हे पहिले. मोबाइल, सीसीटीव्ही आणि बँकखात्यांच्या ढिगाऱ्यातून कामाचे तेवढे वेचून काढणे, हे दुसरे. छायाचित्र किंवा ध्वनिफीत खरी की बनावट हे तपासणे, हे तिसरे. यांत ठशांची जुळणी सर्वांत जुनी आणि न्यायालयांत सर्वाधिक घासून निघालेली. इतर दोन कामांकडून काय अपेक्षा ठेवावी, हे तिच्या इतिहासावरून बरेचसे कळते.

एक हजार चोवीस खण

हा इतिहास भारतातच सुरू होतो. १८९७ साली कलकत्त्यात जगातले पहिले अंगुलीमुद्रा केंद्र उघडले. तिथली वर्गीकरणाची पद्धत एडवर्ड हेन्री या पोलीस अधिकाऱ्याच्या नावाने ओळखली गेली; तिचे गणित मात्र मुख्यतः अझिझुल हक आणि हेमचंद्र बोस यांनी बसवले. हस्तसामुद्रिकात ज्यांना ‘चक्रे’ म्हणतात, ती दहांपैकी कोणकोणत्या बोटांवर आहेत यावरून ठशांच्या प्रत्येक पत्रिकेला एक अंक मिळे आणि ती १,०२४ खणांपैकी एका खणात जाई. शोधणाऱ्याला सगळा दप्तरखाना उपसावा लागत नसे, एक खण पुरे. आजचा संगणकही प्रथम हेच करतो: पाहण्याजोगे नमुने कमी करतो.

त्याच वर्षी बंगालमधल्या जलपैगुडी जिल्ह्यात एका चहामळ्याच्या व्यवस्थापकाचा खून झाला. त्याच्या सामानातल्या बंगाली पंचांगावर रक्ताळलेल्या अंगठ्याचा डाग मिळाला आणि तो एका जुन्या नोकराच्या, आधीच्या शिक्षेच्या वेळी घेतलेल्या ठशाशी जुळला. न्यायालयाने त्याला चोरीबद्दल दोषी ठरवले, खुनाच्या आरोपातून मात्र सोडले. ठशाने एवढेच सिद्ध केले होते, की त्या अंगठ्याने त्या पंचांगाला स्पर्श केला.

यंत्र काय पाहते

काचेवर भुकटी फिरवून उठवलेला ठसा क्वचितच पूर्ण असतो. बहुधा बोटाचा एखादा कोपरा, तोही घसरलेला. यंत्र त्यावर खुणेच्या जागा टिपते: रेघ कुठे थांबते, कुठे तिला फाटा फुटतो. या जागांमधली अंतरे आणि कोन हीच ठशाची ओळख. पूर्वी पुसट ठशावर या जागा तज्ज्ञाला भिंग लावून हाताने नोंदवाव्या लागत. लाखो नमुन्यांवर शिकवलेली न्यूरल नेटवर्क आता डागाखालची रेघही बऱ्याच अंशी वेगळी काढतात.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाची ‘नॅफिस’ ही प्रणाली ऑगस्ट २०२२मध्ये सुरू झाली. तीत प्रत्येक आरोपीच्या ठशांना दहा अंकी क्रमांक मिळतो, पहिले दोन अंक राज्याचे. नाशिकच्या घरफोडीतला ठसा सुरतच्या जुन्या नोंदीशी ताडायला आता टपालाची वाट पाहावी लागत नाही. महाराष्ट्राच्या ‘अँबिस’ प्रणालीत बोटांबरोबर तळहात, डोळ्यांची बुबुळे आणि चेहराही नोंदवला जातो.

यंत्र माणसाने न पाहिलेलेही पाहते. एकाच व्यक्तीच्या वेगवेगळ्या बोटांचे ठसे परस्परांशी जुळत नाहीत, असे तज्ज्ञ मानत आले होते. जानेवारी २०२४मध्ये कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधकांनी सुमारे ६०,००० ठशांवर शिकवलेल्या यंत्राने ती समजूत हलवली. दोन वेगळ्या बोटांचे ठसे एकाच माणसाचे आहेत का, हे यंत्राने एका जोडीमागे ७७ टक्के अचूकतेने ओळखले. त्याची नजर फाट्यांवर नव्हती, ठशाच्या मध्यभागी रेघा कशा वळतात यावर होती. तपासाची दिशा ठरवायला ७७ टक्के उपयोगी आहेत. शिक्षा द्यायला नाहीत.

चूक कुठे होते

मार्च २००४मध्ये माद्रिदच्या रेल्वेगाड्यांत बॉम्बस्फोट झाले. स्फोट घडवणाऱ्या डेटोनेटरच्या पिशवीवरचा ठसा अमेरिकेच्या एफबीआयने संगणकात घातला. संगणकाने वीस उमेदवारांची यादी दिली आणि तीत चौथा होता ओरेगॉन राज्यातला एक वकील. एफबीआयच्या तज्ज्ञांनी ठसा त्याचाच असल्याचा निर्वाळा दिला आणि तो दोन आठवडे कोठडीत राहिला. स्पेनच्या पोलिसांना तोच ठसा एका अल्जीरियन माणसाचा असल्याचे आढळले. नोंदी जितक्या जास्त, तितके दिसायला जवळचे पण चुकीचे ठसे जास्त. यादीत तसा ठसा येणारच. चूक झाली ती तो ओळखण्यात, आणि पहिल्या तज्ज्ञाचे मत माहीत असताना दुसऱ्याने पडताळणी केल्यामुळे ती सुधारण्याची संधीही गेली.

चेहऱ्याच्या बाबतीत धोका मोठा, कारण चेहरा वयाने, उजेडाने आणि कॅमेऱ्याच्या कोनाने बदलतो. अमेरिकेच्या ‘निस्ट’ या मानक संस्थेच्या २०१९च्या चाचणीत, अनेक प्रणालींमध्ये आशियाई आणि आफ्रिकी वंशाच्या चेहऱ्यांची खोटी जुळणी गोऱ्यांच्या तुलनेत १० ते १०० पट आढळली. जानेवारी २०२०मध्ये डेट्रॉइट पोलिसांनी घड्याळचोरीच्या अंधूक चित्रावरून भलत्याच कृष्णवर्णीय माणसाला घरासमोर, बायको-मुलींदेखत बेड्या घातल्या. केवळ अशा जुळणीवरून अटक करायची नाही, हे तिथल्या पोलिसांनी २०२४च्या तडजोडीत मान्य केले. दिल्ली पोलीस ८० टक्के साम्य ‘जुळले’ असे धरतात, हे २०२२मध्ये माहिती अधिकारातून पुढे आले. तो टक्का यंत्राच्या मोजपट्टीवरचा असतो. माणूस तोच असण्याची शक्यता ८० टक्के, असा त्याचा अर्थ नव्हे.

ठाण्यातला सहायक

महाराष्ट्राने २०२४मध्ये पोलीस दलासाठी ‘मार्व्हल’ ही स्वतंत्र कंपनी नागपुरात स्थापन केली. तिच्या ‘महाक्राइमओएस’ या प्रणालीचा प्रयोग नागपूरच्या २३ ठाण्यांत झाला आणि ती १,१०० ठाण्यांपर्यंत नेण्याची घोषणा डिसेंबर २०२५मध्ये झाली. फिर्याद वाचून तपासाचे टप्पे सुचवणे, बँका आणि दूरसंचार कंपन्यांना पाठवायच्या पत्रांचे मसुदे करणे, कागदपत्रांतून नावे-क्रमांक काढणे हे तिचे काम. ऑनलाइन फसवणुकीत पैसा काही तासांत अनेक खात्यांतून फिरतो. तिथे हा वेग खरोखर उपयोगी. पण अशा प्रणालींमागची भाषिक प्रतिमाने नसलेले तपशीलही ठामपणे लिहून देतात, म्हणून मसुद्यातली प्रत्येक ओळ मूळ कागदाशी ताडणे तपासी अधिकाऱ्याला चुकत नाही.

न्यायालयाची चौकट

१ जुलै २०२४पासून लागू झालेल्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेने सात वर्षे किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायसहायक तज्ज्ञाची घटनास्थळी भेट आणि चित्रीकरण आवश्यक ठरवले. राज्यांना त्यासाठी पाच वर्षांपर्यंत मुदत आहे. साक्ष अधिनियमाच्या कलम ६३नुसार इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागते आणि त्यात फाइलचा ‘हॅश’, म्हणजे तिच्या आशयावरून काढलेला आकडा, नोंदवावा लागतो. फाइलमधला एक बिंदू बदलला तरी हा आकडा बदलतो. डीपफेकच्या काळात ही तरतूद मोलाची, पण तिची मर्यादाही स्पष्ट आहे: जप्तीनंतर फाइल बदलली नाही एवढेच हॅश सांगतो, ती मुळात खरी होती का हे सांगत नाही.

पुराव्याआधीच तंत्राला मान देण्याचा अनुभव महाराष्ट्राला आहे. २००८मध्ये पुण्याच्या सत्र न्यायालयाने एका खून खटल्यात मेंदूलहरींच्या चाचणीचा आधार घेऊन जन्मठेप सुनावली. दोनच वर्षांनी, सेल्वी विरुद्ध कर्नाटक या निकालात, सर्वोच्च न्यायालयाने अशा चाचण्या सक्तीने घेणे घटनाबाह्य ठरवले आणि संमतीने घेतलेल्या चाचणीचा निष्कर्षही थेट पुरावा मानायला नकार दिला.

आजही ठशाबाबत न्यायालयापुढे ग्राह्य धरले जाते ते तज्ज्ञाचे मत, आणि तेही न्यायाधीशावर बंधनकारक नसते. साक्षीच्या पिंजऱ्यात तज्ज्ञाला उभे करून त्याची उलटतपासणी घेता येते, यंत्राची घेता येत नाही. मराठीत या शास्त्राला न्यायसहायक विज्ञान म्हणतात. यंत्राची जागाही त्या नावातल्या ‘सहायक’ या शब्दापुरतीच आहे.