नाण्यातील खरी चूक

रायगडावर १६७४ मध्ये राज्याभिषेक झाल्यानंतर पाडलेल्या तांब्याच्या शिवराईवर एका बाजूस ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूस ‘छत्रपति’ ही अक्षरे असतात; परंतु सर्व अक्षरे पूर्ण उमटलेली शिवराई क्वचितच हाती येते. ठसा मोठा, चकती लहान आणि घाव हातोड्याचा. मग एखादे अक्षर चकतीबाहेर राहिले तर त्यात नवल नव्हते. अशा नाण्यास सदोष म्हणता येत नाही. एकसारखी नाणी यंत्रातून पडू लागली, तेव्हाच चूक ही वेगळी वस्तू ठरली आणि तिला किंमत आली. किंमत आल्यावर नकलाही आल्या, आणि त्यांत पहिला फसतो तो नवशिका संग्राहक.

यंत्रात प्रथम धातूच्या पत्र्यातून चकत्या कापतात, मग त्यांचा काठ दाबून उंचावतात आणि शेवटी कड्यात बसवून दोन ठशांमध्ये दाबतात. खऱ्या चुकीचा उगम या क्रमात कोठेतरी दाखविता आला पाहिजे. पत्रा पुरेसा पुढे सरकला नाही, तर कापणीचा घाव आधीच्या भोकावर पडतो आणि चकतीला चंद्रकोरीसारखी खोक येते. आता खोकेच्या बरोबर समोरचा काठ पाहावा. काठ उंचावताना तेथे आधार न मिळाल्याने तो बहुधा दबका राहतो. शिवाय खोकेजवळची अक्षरे किंचित पसरलेली दिसतात. कानशीने घासलेल्या नाण्यात समोरचा काठ ठसठशीत असतो आणि अक्षरे मध्येच तुटतात.

ठशात वंगण साचल्यास अक्षर पुसट होते, पण वजन घटत नाही. १९९२ पासून पडू लागलेला पोलादी रुपया ४.८५ ग्रॅमचा होता; अक्षर खरवडून काढलेला रुपया, थोडा का होईना, हलका भरतो आणि भिंगाखाली ओरखडे दाखवितो.

पाडलेले नाणे ठशालाच चिकटून राहिले, तर पुढच्या चकतीवर त्याचीच उलटी, खोलगट प्रतिमा उमटते. व्यापारी अशा नाण्यास ‘लाखी’ म्हणतात. दोन नाणी शेगड्यात आवळूनही असा आभास निर्माण करता येतो. मात्र तेव्हा खोल प्रतिमेखाली मूळ चित्राचे चेपलेले अवशेष राहतात. दोन्ही बाजूंस एकच चित्र असलेला रुपया तर बहुधा दोन नाणी कोरून जोडलेला असतो. त्याचा सांधा काठाच्या आतल्या कडेला, नखाला लागतो.