कोळशातील गंधक आणि जीवाणू : एक मागोवा
दादर-परळच्या गिरण्या कोळशाच्या बॉयलरांवर चालत असताना त्यांच्या धुराविरुद्ध 1912 साली मुंबई सरकारला कायदा करावा लागला आणि 1915 पासून खोपोलीची जलविद्युत मिळू लागल्यावर गिरण्यांचा कोळशाचा वापर घटला. त्या कायद्याचा रोख डोळ्यांना दिसणाऱ्या धुरावर होता. कोळशातील गंधक जळून निर्माण होणारा, न दिसणारा सल्फर डायऑक्साइड त्याच्या कक्षेबाहेरच राहिला.

हे गंधक कोळसा जाळण्याआधीच काढता येईल, या कल्पनेचे मूळ 1947 सालच्या एका शोधात आहे. आर्थर कोल्मर आणि हिंकल यांना अमेरिकेतील कोळसा खाणींच्या आम्लयुक्त पाण्यात असा जीवाणू आढळला, जो लोहाचे ऑक्सिडीकरण करून त्यातून मिळणाऱ्या ऊर्जेवर जगतो. पुढे थायोबॅसिलस फेरोऑक्सिडन्स व 2000 नंतर अ‍ॅसिडिथायोबॅसिलस या नावाने ओळखला गेलेला हा जीवाणू पायराइटचे, म्हणजे लोह आणि गंधक यांच्या खनिजाचे, विघटन घडवून आणतो : फेरिक लोह पायराइटवर हल्ला करून स्वतः फेरस होते, जीवाणू त्याला पुन्हा फेरिक करतात आणि गंधक सल्फेट होऊन पाण्यात विरघळते. बारीक दळलेल्या कोळशातील बहुतांश पायराइट प्रयोगशाळेत अशा रीतीने निघाले. सार्डिनियातील पोर्तो तोर्रेस येथे प्रायोगिक संयंत्रही उभे राहिले. मात्र भट्टीला कोळसा तासागणिक लागतो आणि जीवाणूंना दिवस, कधी आठवडे लागतात, शिवाय उरलेल्या आम्लयुक्त पाण्याचीही विल्हेवाट लावावी लागते. या पद्धतीची खरी अडचण ही होती. तिच्यामागचे जीवशास्त्र भक्कमच होते.

भारतात अडचण आणखी मूलभूत ठरली. चंद्रपूर परिसरातील गोंडवन कोळशात गंधक साधारणतः एक टक्क्याहून कमी असते. आसामच्या माकुम क्षेत्रात ते भरपूर आहे, पण त्यातील मोठा भाग सेंद्रिय, म्हणजे कोळशाच्या रेणूंतच गुंफलेला असल्याने, पायराइटवर जगणाऱ्या जीवाणूच्या आवाक्याबाहेरचा आहे. 1990च्या सुमारास शिकागोत अभ्यासलेल्या ऱ्होडोकॉकस जीवाणूने सेंद्रिय गंधकाबाबत आशा निर्माण केली, तरी त्या संशोधनाचा ओढा पेट्रोलियमकडेच अधिक राहिला.

मुंबई परिसराने वेगळा मार्ग धरला. तुर्भ्याच्या वीजकेंद्रात आणि 2007 साली डहाणूत धूर समुद्राच्या पाण्याने धुण्याची यंत्रणा आली; त्या पाण्याची नैसर्गिक अल्कता सल्फर डायऑक्साइड शोषून घेते. दरम्यान पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत अशाच जीवाणूंचा अभ्यास धातुकांतून धातू विरघळवण्यासाठी झाला. जगभरात तांब्याच्या धातुकांचे ढीग महिनोन्‌महिने पाझरत ठेवता येतात, त्यामुळे तेथे जीवाणूंची संथ गती आड येत नाही.