घरची पत, धंद्याचे भांडवल

शिलाई, किराणा असा स्वतःचा व्यवसाय करणारे अनेकजण भांडवलासाठी दागिने तारण ठेवतात, वैयक्तिक कर्ज घेतात किंवा क्रेडिट कार्ड वापरतात. पैसा लवकर मिळतो. परंतु व्याज वर्षाचे मोजावे. दरमहा शेकडा ३ म्हणजे वर्षाला ३६ टक्के! २० हजारांचे मुद्दल तसेच राहिल्यास वर्षाचे व्याज ७,२०० रुपये. एकट्याच्या मालकीच्या धंद्यात धंदा बुडाला तरी कर्ज मालकाच्याच डोक्यावर राहते. म्हणून प्रथम बँकेत मुद्रा कर्जाची चौकशी करावी. २०१५ साली सुरू झालेल्या या योजनेत ५० हजारांपर्यंतचे ‘शिशु’ कर्ज विनातारण मिळते. धंद्याचे खाते घरखर्चापासून वेगळे ठेवावे, हप्ते वेळेवर भरावेत. त्यातूनच उद्याची पत उभी राहते.