भाताचा बिनपगारी राखणदार

पिकाची नासाडी म्हटली की लालबाग-परळच्या माणसाला आधी आठवतात ते रानडुक्कर आणि वानर. ते साहजिकच आहे. येथल्या चाळींतील पुष्कळ कुटुंबांचे मूळ घर रत्नागिरी किंवा सिंधुदुर्गात. डुकरांनी भात लोळवले, माकडांनी कोवळे नारळ पाडले, ही गावाकडची बातमी त्यांना नवी नाही. परंतु भाताचा दुसराही एक शत्रू आहे व तो आवाज न करता खातो. खोडकिडा, तुडतुडे, लष्करी अळी ही त्याची नावे; आणि त्यांच्या जोडीला रोपे कातरणारा, बांधाला बिळे पाडून खाचरातले पाणी घालविणारा खेकडा. या शत्रूवर रात्रपाळी करणारा एक राखणदार निसर्गाने शेतकऱ्याला फुकट दिलेला आहे. तो म्हणजे बेडूक. त्याच्याशी आपण कसे वागलो, हे या मुंबई शहराच्या इतिहासातलेच एक प्रकरण आहे.

येथे बेडूक म्हणजे पहिल्या पावसात पाणथळ जागी ओरडणारा तो मोठा बेडूक समजावा. विणीच्या दिवसांत त्याचा नर हळदीसारखा पिवळा होतो. हा प्राणी चोखंदळ नाही. हलेल आणि तोंडात मावेल ते तो गिळतो: किडे, अळ्या, लहान खेकडे, प्रसंगी उंदराचे पिल्लूसुद्धा. पीक मात्र तो खात नाही. रात्र पडली की तो शिकारीला निघतो, आणि बऱ्याच किडींचा संचारही रात्रीचाच. कामगाराच्या भाषेत सांगायचे तर मालक झोपलेला असताना हा कामावर असतो, आणि मस्टरवर त्याचे नाव नाही.

नाव नाही म्हणूनच तो विकला गेला. परदेशी खाणावळींत बेडकाच्या मागच्या तंगड्यांना मागणी होती. गोठविलेल्या तंगड्या भारतातून अमेरिकेला व युरोपला जाऊ लागल्या. १९८१ साली ही निर्यात चार हजार टनांच्या वर होती. हे वजन केवळ तंगड्यांचे. उरलेले धड फेकले जाई. एका बेडकामागे किती थोडे मांस निघते हे लक्षात घेतले, म्हणजे किती कोटी बेडूक गेले असतील याचा अंदाज ज्याचा त्याने करावा. पकड व्हायची ती पावसाच्या तोंडावर, रात्री दिव्याच्या उजेडात. म्हणजे अंडी घालण्यासाठी जमलेली जोडपीच हाती लागत. पकडणारे बहुधा भूमिहीन, हातावर पोट असलेले. त्यांना दोष देणे मला पटत नाही. पावसाळ्यात ज्याच्या घरी चूल पेटत नाही तो बेडूक सोडून देईल कसा? मोठा नफा त्यांच्या हाती राहत नव्हता हे सांगायला नकोच.

हा हिशेब मांडणाऱ्यांत मुंबईचे हुमायून अब्दुलअली हे प्रमुख होते. हे गृहस्थ पक्ष्यांचे अभ्यासक आणि बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे कार्यकर्ते. १८८३ साली स्थापन झालेली ही संस्था फोर्टात हॉर्नबिल हाउसमध्ये आहे. आपल्यापैकी पुष्कळजण तिच्यासमोरून जातात, आत मात्र क्वचितच. वन्य पशुपक्ष्यांच्या रक्षणाचा मुंबई राज्याचा १९५१ सालचा कायदा होण्यात त्यांचा मोठा वाटा होता. १९८५ साली त्यांनी संस्थेच्या नियतकालिकात बेडकांच्या निर्यातीचा सविस्तर आढावा घेतला. जिवंत बेडकाच्या तंगड्या तोडण्याच्या क्रूरपणाविरुद्धही ओरड झाली, आणि १९८७ साली केंद्र सरकारने ही निर्यात बंद केली. त्यातली मुख्य गोष्ट सरळ होती. परकी चलन जमेकडे धरायचे, तर राखणदार गेल्यावर कीटकनाशकांना लागणारा पैसा खर्चाकडे धरलाच पाहिजे. गिरणीच्या ताळेबंदात कामगाराचा खोकला कधी लिहीत नाहीत, तसलाच तो प्रकार होता.

बंदी झाली तरी फवारणी राहिलीच. बेडूक कातडीवाटे पाणी शोषतो, त्यामुळे खाचरातले विष सरळ त्याच्या अंगात भिनते. कोळीही मरतात; आणि कोळी हा तुडतुड्यांचा मोठा वैरी. वैरी मेला की उरलेले तुडतुडे आधीपेक्षा जोमाने वाढतात, मग पुन्हा औषध. या चक्रात सापडलेल्या इंडोनेशियाने १९८६ साली भातावरील ५७ कीटकनाशकांना मनाई केली व किडीचे नैसर्गिक शत्रू राखण्याचे शिक्षण शेतकऱ्यांना देण्यास सुरुवात केली. (गंमत अशी की पुढे बेडकाच्या तंगड्यांच्या निर्यातीत हाच देश आघाडीवर आला. शहाणपण एका खात्यातून दुसऱ्या खात्यात सहसा जात नाही.) आपल्याकडे कोकणात करण्यासारखे थोडे पण रोकडे आहे. कीड मोजल्याशिवाय औषध मारू नये, खाचराजवळची डबकी बुजवू नयेत आणि पहिल्या पावसात दिवे घेऊन निघणाऱ्यांना आवरावे. गोव्यात बंदी असूनही ही पकड अजून चालते.

आता कोणी विचारील, डुकराला बेडूक काय करणार? काहीच नाही. डुकराचा आणि वानराचा नैसर्गिक राखणदार बिबट्या. तो गावात वाढवा असे कोणी म्हणणार नाही. सरकारकडून नुकसानभरपाई मिळते, पण पंचनामा व्हावा लागतो, आणि सातबाऱ्यावरचा माणूस असतो परळला. माझ्या मते डुकराचे खरे बळ पडीक जमिनीत आहे. खाचर ओस पडले की झुडुपे माजतात, दडायला जागा होते, आणि शेजारी जो अजून भात लावतो त्याचे पीक आधी जाते. ती जमीन कसायला द्यावी, तर कुळकायद्याची भीती आड येते. १९४८ च्या कायद्याने कसणाऱ्याला न्याय दिला हे मी शंभरदा सांगेन, पण त्याच्या धास्तीने जमीन रिकामी ठेवणारेही मी पाहिले आहेत. एक भाऊ लालबागला, दुसरा डोंबिवलीला, बहिणीची सही राहिलेली. तोवर रान वाढते, आणि शेजारचा म्हातारा पत्र्याचा डबा वाजवीत माळ्यावर रात्र काढतो.