चोराच्या हत्याराला कुलूप

अमेरिकेच्या केंटकी राज्यात बुलिट नावाची काउंटी आहे. जून २००९ मध्ये तिच्या बँक खात्यातून सुमारे ४ लाख १५ हजार डॉलर गेले. बँकेने खबरदारी घेतली नव्हती असे नाही. खजिनदाराने व्यवहार तयार करायचा आणि काउंटीच्या प्रमुखाने तो मंजूर करायचा, अशी दुहेरी रीत होती. अनोळखी संगणकावरून कोणी खाते उघडू पाहिले, तर बँक ईमेलवर एकदाच चालणारा संकेतशब्द धाडत असे. चोरांनी या सगळ्या पायऱ्या नीट पाळल्या. खजिनदाराच्याच इंटरनेट जोडणीवरून ते खात्यात शिरले, प्रमुखाचा पासवर्ड आणि ईमेल पत्ता बदलला, पंचवीसेक माणसे कर्मचारी म्हणून नोंदवली आणि त्यांच्या नावे रकमा काढल्या. मंजुरीच्या वेळी बँकेला संगणक अनोळखी वाटला. तिने संकेतशब्द पाठवला, तो थेट चोरांच्या हाती पडला.

खजिनदाराच्या संगणकात ‘झ्यूस’ नावाचा ट्रोजन बसलेला होता.

झ्यूस पहिल्यांदा नजरेत आला तो २००७ मध्ये, अमेरिकेच्या परिवहन खात्याची माहिती चोरताना. संगणकात शिरायच्या त्याच्या वाटा साध्याच होत्या: करखात्याच्या किंवा कुरिअर कंपनीच्या नावाने आलेला ईमेल आणि त्याला जोडलेली फाइल, नाहीतर जुन्या ब्राउझरमधल्या त्रुटीचा फायदा घेणारे वेबपान. त्याचे खरे कसब आत शिरल्यावर दिसे.

सुरुवातीच्या आवृत्त्या विंडोजच्या सिस्टीम फोल्डरमध्ये ‘एसडीआरए६४’ अशा रुक्ष नावाने स्वतःची प्रत ठेवत. तिथल्या हजारो रुक्ष नावांत आणखी एक! लॉगिन होताच कोणते प्रोग्रॅम सुरू करायचे याची विंडोजच्या रजिस्ट्रीत जी नोंद असते, तिच्यात झ्यूस आपलेही नाव घुसवी. मग तो विंडोजच्याच चालू प्रक्रियांच्या पोटात शिरे, त्यामुळे टास्क मॅनेजर उघडला तरी परके असे काही दिसत नसे. फोल्डरमधल्या फाइलींची यादी मागणारी विनंतीही तो वाटेत अडवी आणि उत्तरातून आपल्या फाइली वगळून यादी पुढे देई. फाइल डिस्कवर जागच्या जागी असे. विंडोजला विचारले, तर मात्र नसे.

पुढच्या आवृत्तीने प्रशासकीय अधिकारांची गरजही संपवली. वापरकर्त्याच्या स्वतःच्या फोल्डरात, दर वेळी वेगळ्या नावाने ती राहू लागली. शिवाय प्रत्येक प्रत ज्या संगणकात बसली त्याच्याशी बांधलेली असे. अभ्यासकाने ती फाइल उचलून प्रयोगशाळेतल्या यंत्रावर नेली, तर ती चालतच नसे.

चोरी कशी होई, हे पाहिले की ब्राउझरमधल्या कुलपाच्या चिन्हावरचा भाबडा विश्वास डळमळतो. ते चिन्ह खोटे नसे. ब्राउझर आणि बँक यांच्यातली वाट खरोखरच सुरक्षित असे. पण पासवर्ड त्या वाटेला लागण्यापूर्वी, म्हणजे सांकेतिक रूपात बदलण्याआधीच, ब्राउझरच्या आत बसलेला झ्यूस तो उचलून घेई. उलट दिशेनेही हाच खेळ चाले. बँकेचे खरे पान आले की पडद्यावर उमटण्यापूर्वी झ्यूस त्यात एखादा जादा रकाना घाली: कार्डाचा पिन लिहा. पत्ता बँकेचा, पान बँकेचे, प्रश्न तेवढा चोराचा. संशय घ्यायचा तरी कशावर?

झ्यूस हा विकायचा मालही होता. २०१० च्या सुमारास त्याचा मूळ संच तीन ते चार हजार डॉलरला मिळे. फायरफॉक्समधली माहिती हवी असेल तर आणखी दोन हजार, बळीच्या संगणकाचा पूर्ण ताबा हवा असेल तर दहा हजार. पाचशे डॉलरच्या एका पुरवणीमुळे चोरलेली माहिती त्याच क्षणी जॅबर या संदेशसेवेवर येई. बळी लॉगिन करत असतानाच त्याचा संकेतशब्द वापरता येई. गंमत पुढे आहे. संचाची फुकट नक्कल होऊ नये म्हणून कर्त्याने तो गिऱ्हाइकाच्या एकाच संगणकावर चालेल अशी परवान्याची सोय केली होती. जगाचे पासवर्ड पळवणाऱ्याला आपला माल चोरीला जाण्याची अशी धास्ती!

ती खरी ठरली. मे २०११ मध्ये झ्यूसची मूळ संहिताच उघड्यावर आली आणि ‘आइस नाइन’, ‘सिटाडेल’ अशी तिची पिलावळ बाजारात उतरली. कर्ता मात्र तोवर निवडक साथीदारांसह ‘गेमओव्हर झ्यूस’कडे वळत होता. यात मध्यवर्ती सर्व्हरच नव्हता. बाधित संगणक एकमेकांनाच हुकूम पोचवत, त्यामुळे एक दुवा तोडून जाळे मोडत नसे. जून २०१४ मध्ये अनेक देशांच्या पोलिसांनी आणि खासगी कंपन्यांनी मिळून ते उखडले, तेव्हा बाधित संगणक पाच ते दहा लाखांच्या घरात होते आणि एफबीआयच्या अंदाजाने नुकसान दहा कोटी डॉलरच्या वर गेले होते.

बुलिट काउंटी लुटणाऱ्या टोळीचा म्होरक्या, दोनेत्स्कचा व्याचेस्लाव पेंचुकोव्ह, २०२२ मध्ये जिनिव्हात पकडला गेला आणि २०२४ मध्ये अमेरिकेत त्याला नऊ वर्षांची शिक्षा झाली. झ्यूसचा कर्ता म्हणून अमेरिकेने ज्याच्यावर आरोप ठेवले, तो येवगेनी बोगाचेव्ह काळ्या समुद्राकाठच्या आनापा या रशियन गावचा. त्याला पकडून देणाऱ्या माहितीसाठी फेब्रुवारी २०१५ मध्ये तीस लाख डॉलरचे बक्षीस जाहीर झाले. पकडायचे तर त्याने रशियाबाहेर पाऊल ठेवायला हवे.