यकृताच्या अहवालातील दोन नावे

रक्ततपासणीचा अहवाल हाती पडला, की डॉक्टरांकडे पोहोचण्यापूर्वीच तो घरी वाचला जातो. 'एसजीपीटी' या अक्षरांपुढे मोठा आकडा दिसला, की सर्वांचे चेहरे उतरतात. पुढील तपासणी दुसऱ्या प्रयोगशाळेत करावी, तर तेथे एसजीपीटी नाहीच. त्या जागी 'एएलटी' छापलेले असते. एक तपासणी राहून गेली अशा समजुतीने कोणी ती पैसे मोजून पुन्हा करवून घेतली, तर त्याला दोष देता येणार नाही. वस्तुतः ही दोन्ही नावे एकाच विकराची आहेत.

'विकर' हा एंझाइमसाठी मराठीत रूढ झालेला शब्द. काही पुस्तकांत 'वितंचक' असाही पर्याय आढळतो आणि आम्हांला तोच अधिक अर्थवाही वाटतो. कारण विरजणाला संस्कृतात 'आतंचन' म्हणतात. जर्मन शास्त्रज्ञ कून्ये यांनी १८७० नंतरच्या दशकात एंझाइम हा शब्द घडवला, तोही ग्रीक भाषेतील 'यीस्टमध्ये असलेले' या अर्थाने. म्हणजे दोन्हीकडे मूळ कल्पना आंबवण्याचीच! असो.

आपल्या विकराचे काम देवघेवीचे आहे. ॲलनिन या अमिनो आम्लातील अमिनो गट काढून तो कीटोग्लुटारिक आम्लास द्यावयाचा. त्यातून पायरुव्हिक आणि ग्लुटामिक ही आम्ले तयार होतात. ही क्रिया ब्राउनश्टाइन आणि क्रिट्समान या सोव्हिएत संशोधकांनी १९३७ साली उजेडात आणली. 'ग्लुटामिक पायरुव्हिक ट्रान्सॲमिनेज' हे जुने नाव या उत्पन्नावरून पडले. 'ॲलनिन अमिनोट्रान्सफरेज' हे नवे नाव, ज्याच्याकडून घ्यावयाचे त्या दात्यावरून. आंतरराष्ट्रीय जीवरसायन संघाच्या आयोगाचा वर्गवारीविषयक अहवाल १९६१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या पद्धतीप्रमाणे या विकराचा क्रमांक २.६.१.२, आणि त्याचा भाऊ एएसटी, म्हणजेच जुना एसजीओटी, याचा २.६.१.१.

जुन्या नावातील पहिले अक्षर 'एस' म्हणजे सीरम, रक्तद्रव. खरा घोटाळा या अक्षरात आहे. या विकराचे घर रक्त नव्हे, पेशी होय, आणि मुख्यतः यकृताची पेशी. पेशीचे आवरण दुखावले, की ते बाहेर झिरपते. घागरीला तडा गेल्यावर अंगणात आलेले पाणी आपण मोजावे, तसाच हा प्रकार. एएसटी तर हृदय, स्नायू आणि तांबड्या पेशींतही असते. म्हणूनच १९५४ मध्ये लाड्यू, व्रोब्लेव्स्की आणि कार्मेन यांनी ते प्रथम हृदयविकाराच्या संदर्भात रक्तात मोजले. हृदयासाठी आता ट्रोपोनिन तपासतात, यकृताकडे मात्र ही जोडी कायम राहिली.

या तपासणीस 'यकृताच्या कार्याची चाचणी' म्हणण्याचा प्रघात आहे. तो दिशाभूल करणारा आहे असे आम्ही स्पष्टपणे म्हणू. यकृत किती काम करते हे अल्ब्युमिन आणि रक्त गोठण्याचा काळ यांवरून कळते. विकराचा आकडा केवळ पेशींची हानी सांगतो. विषाणूजन्य काविळीत तो हजारांवर जाऊनही रोगी ठणठणीत बरा होऊ शकतो. याउलट दीर्घकाळ मद्यपानाने यकृत आक्रसून गेलेल्या माणसाचा आकडा जवळजवळ सर्वसाधारण असू शकतो. गळण्यासारख्या पेशीच फारशा उरलेल्या नसतात. तीव्र काविळीत आकडा झपाट्याने उतरला, पण पित्तरंग वाढतच राहिला आणि रक्त गोठेनासे झाले, तर ती आनंदाची नव्हे, धोक्याची खूण असते. काविळीवर झाडपाल्याचा रस देणाऱ्यांच्या दारी आजही आपल्याकडे माणसे जातात; उतरलेला आकडा हे तेथे औषधाच्या गुणाचे प्रमाणपत्र ठरते, मग तो कोणत्याही कारणाने उतरलेला असो.

अहवालात आकड्यापुढे 'युनिट' असते, ते वजन नव्हे. एका मिनिटात एक मायक्रोमोल पदार्थाचे रूपांतर करण्याइतकी क्रियाशीलता म्हणजे एक युनिट. मोजण्याची रीत बदलली, की सर्वसाधारण मर्यादाही थोडी बदलते. तेव्हा दोन प्रयोगशाळांतील आकड्यांची तुलना करताना प्रत्येकीने छापलेली मर्यादा पाहणे प्राप्त आहे. प्रयोगशाळांनीही दोन्ही नावे शेजारी शेजारी छापावीत, आणि 'हा आकडा पेशींच्या हानीचा, कार्यक्षमतेचा नव्हे' एवढी ओळ मराठीत खाली द्यावी. त्यासाठी शाईखेरीज वेगळा खर्च नाही.