धडधडणारी नाडी, थंड तळवे

कराडच्या वेणूताई चव्हाण उपजिल्हा रुग्णालयासारख्या ठिकाणी छातीत धडधड होते म्हणून येणाऱ्या प्रत्येकाचे हृदय बिघडलेले असतेच असे नाही. चिंताविकारात नाडी जलद चालते, तोंडाला कोरड पडते, हात कापतात, रक्तदाबही वाढलेला आढळतो. (नुसत्या तपासणीच्या धास्तीनेही तो वाढतो, म्हणून रुग्णास पाच मिनिटे स्वस्थ बसवून पुन्हा मोजणे इष्ट.)

थायरॉइड म्हणजे अवटु ग्रंथीच्या अतिस्रावातही अशीच लक्षणे दिसतात. परंतु त्या रुग्णाचा तळवा बहुधा उबदार व ओलसर लागतो, चिंताग्रस्ताचा थंड व घामेजलेला. शिवाय चिंतेने वाढलेली नाडी झोपेत मंदावते. ग्रंथीविकारात ती झोपेतही जलदच राहते.

भराभर श्वास घेतल्याने रक्तातील कार्बन डायऑक्साइड घटतो. ओठांना, बोटांना मुंग्या येतात, क्वचित हात वाकडे होतात. घरची मंडळी 'बाहेरचे' समजून देवऋषी गाठतात आणि दिवस वाया जातात. मात्र रक्तक्षय, साखर उतरणे व हृदयविकार तपासून वगळल्याखेरीज 'मनाचेच आहे' असे सांगून रुग्णास परत पाठविणे, हाही अन्यायच होय. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या टेलिमानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतून विनामूल्य सल्ला मिळतो.